फिर्यादीच्या धाकाची कुळकथा

पेशवाईत सावकार कोर्टात जात नसे, दारात बसे. कंपनी सरकारचा अधिकारी एल्फिन्स्टन याने 1819 च्या अहवालात हा तगादा नोंदवला आहे. देणेकरी बरोबरीचा किंवा खालचा असला तर त्याला घरात अडकवायचे, जेवू द्यायचे नाही, उन्हात बसवायचे. वरचढ असला तर त्याच्या उंबऱ्यावर आडवे पडायचे, नाहीतर दारातच उपास मांडायचा. मग आतल्यालाही उपाशी राहावे लागे. प्रकार क्रूर होता, पण गावादेखत चाले.

त्याच सुमारास डॉ. थॉमस कोट्स यांनी पुण्याजवळच्या लोणीची पाहणी केली. ही लोणी काळभोर नव्हे, मुळा-मुठेपलीकडची लोणीकंद. तिथलेही बहुतेक कुणबी कर्जात होते. म्हणजे कर्ज जुनेच. फिर्यादीचा धाक मात्र इंग्रजी कोर्टांबरोबर आला.

त्याला खरी धार आली 1859 च्या मुदतीच्या कायद्याने. साध्या खतावर तीन वर्षांच्या आत दावा लावायचा, नाहीतर हक्क बुडाला. हेतू कुळाला जुन्या कर्जातून सोडवण्याचा होता. सावकाराने त्यातूनच वाट काढली. समजा, दरमहा शेकडा दोन रुपयांनी शंभराचे खत आहे. तीन वर्षांनी होतात 172. ‘नवे खत कर, नाहीतर फिर्याद ठोकतो.’ अंगठा उठला की 172 हेच मुद्दल. पुढच्या तीन वर्षांनी जवळजवळ 296. व्याज मुद्दलाहून जास्त वसूल करू नये हा दामदुपटीचा जुना नियम असा कागदावरच निकामी झाला, कारण व्याज व्याज राहतच नव्हते. फिर्याद लावली तरी कुणबी तारखेला पोचत नसे आणि एकतर्फी हुकूमनामा होई.

12 मे 1875 रोजी, बाजारच्या दिवशी, पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात लोकांनी सावकारांची घरे-दुकाने गाठून खते आणि वह्या जाळल्या. माणसे मारण्यापेक्षा कागद नष्ट करण्यावर रोख होता. आपल्याला काय छळते हे त्या शेतकऱ्यांना नेमके कळले होते, असे मला वाटते. 1879 मध्ये पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. खतामागचा जुना हिशेब उकरण्याचा अधिकार कोर्टाला मिळाला, आणि खताची मुदतही वाढली.

आज साध्या, बिनतारण कर्जाला पुन्हा तीन वर्षांचीच मुदत आहे. ती संपण्याआधी सहीनिशी दिलेली कबुली तीन वर्षे नव्याने सुरू करते. संपल्यावरही परतफेडीचे लेखी वचन बांधून घेते. म्हणून लोणी काळभोरात कुणाच्या दारात वसुलीवाला ‘आज सही करा, नाहीतर उद्या केस’ म्हणत उभा राहिला, तर हिशेब मागा आणि वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे वसुलीचे फोन सकाळी 8 ते संध्याकाळी 7 या वेळेतच करता येतात. दमदाटी झाली तर पोलिसांत लेखी तक्रार द्या. लोणी काळभोरचे ठाणे 2021 पासून पुणे शहर आयुक्तालयात आहे. आणि कोर्टाचे खरे समन्स आले, तर तारखेला हजर राहाच.