फोर्ड मॉडेल टी : झीज व वंगण यांची तपासणी

फोर्ड कंपनीने 1908 ते 1927 या काळात बनवलेल्या मॉडेल टी मोटारीचे यंत्रभाग किती झिजले आहेत आणि त्यांना पुरेसे वंगण मिळते की नाही, हे ठरवण्याची पद्धती. या गाडीत ऑइल पंप, फिल्टर किंवा तेलाचा दाब दाखवणारा काटा नाही. क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाचे जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, साठलेले तेल उडवते. त्यातले थोडे एका नळीच्या नरसाळ्यात पडून पुढच्या गिअरांकडे जाते आणि परत येताना कनेक्टिंग रॉडखालच्या खोलगट भागांत साचते. गिअरबॉक्सलाही हेच तेल लागत असल्याने तिथल्या सुती पट्ट्यांचे तंतू सुटून नळी तुंबते. म्हणून पातळी योग्य असली तरी नळी मोकळी असल्याची खात्री वेगळी करावी लागते. पातळी इंजिन बंद करून फ्लायव्हीलच्या आवरणावरील दोन तोट्यांनी पाहतात : तेल खालच्या तोटीतून यावे, वरच्या तोटीतून येऊ नये.

मुख्य बेअरिंगांना कथिलप्रधान मऊ मिश्रधातूचे, बॅबिटचे, अस्तर असते. चेंबरखालचे झाकण काढून प्रत्येक रॉड हाताने हलवला असता तो क्रँकपिनवर बाजूला थोडा सरकणे स्वाभाविक आहे, पण खाली-वर हलल्यास बेअरिंग झिजलेले असते. क्रँकशाफ्टचा पुढे-मागे होणारा प्ले डायल गेजने मोजणे अधिक महत्त्वाचे, कारण फ्लायव्हीलवरील चुंबके आणि मॅग्नेटोची वेटोळी यांत एक मिलिमीटरच्या आतबाहेरच अंतर असते. ते वाढले की ठिणगीसाठी मिळणारा विद्युतप्रवाह क्षीण होतो, आणि फार घटल्यास चुंबके वेटोळ्यांना घासतात. काढलेले तेल पांढऱ्या कापडावर पसरून पाहणेही उपयोगी ठरते : करडे, मऊ चकाकते कण बॅबिटचे, पिवळसर कण काशाच्या बुशचे, आणि चुंबकाला चिकटणारे कण पोलादाचे असतात.

सर्वांत गंभीर तपासणी मागच्या अ‍ॅक्सलची आहे आणि ती नेमकी बाहेरून करता येत नाही. डिफरन्शियलच्या दोन्ही बाजूंचे थ्रस्ट वॉशर मूळचे बॅबिटचे असतात; ते काळाने ठिसूळ होऊन फुटले, तर मोठे दातचक्र बाजूला सरकून पिनियनपासून सुटते. पायाचा ब्रेक गिअरबॉक्समध्ये असून त्याची शक्ती याच पिनियन आणि दातचक्रामधून चाकांना मिळत असल्याने ओढ आणि ब्रेक एकाच क्षणी जातात, आणि चालकाकडे केवळ हातब्रेक उरतो. त्यामुळे काशाचे वॉशर बसवल्याची खात्री नसेल, तर अ‍ॅक्सल उघडूनच पाहणे योग्य. गाडी सुरळीत चालते हा या बाबतीत पुरावा नव्हे.

पुढची चाके जमिनीपासून उचलून वर-खाली हलवल्यास किंगपिन, बुश आणि चाकाच्या बेअरिंगांतील ढिलेपणा कळतो. मागच्या चाकांच्या बेअरिंगांना स्क्रूच्या ग्रीस कपांतून ग्रीस मिळते. झाकण फिरवताना विरोध जाणवला नाही तर कप रिकामा समजून भरावा. जुन्या, गाळ साठलेल्या इंजिनात डिटर्जंटयुक्त आधुनिक तेल घालण्यापूर्वी चेंबर उघडून साफ करणे आवश्यक आहे, कारण हे तेल गाळ सुटा करते आणि फिल्टर नसल्याने तो थेट नळीत आणि बेअरिंगांत जातो.