तरंगणाऱ्या माशीची कुळकथा

गळाला खरंखुरं खाद्य लावून मासा धरायचा, ही रीत जगात सगळीकडे आहे. मॅसिडोनियातल्या एका नदीवर मात्र ती चालेना. तिथले ठिपकेदार मासे पाण्यावर घिरट्या घालणारी एक माशी टिपून खात. पण तिला माणसाचा हात लागला की रंग उडे, पंख चुरगळत आणि मासे तिच्याकडे ढुंकूनही पाहत नसत. मग लोकांनी गळाला लाल लोकर गुंडाळली, तिच्यावर कोंबड्याच्या गळ्याखालची मेणाच्या रंगाची दोन पिसं बांधली आणि तीच पाण्यात सोडली. एलियन या रोमन लेखकाने इ.स. 200 च्या सुमारास हे टिपून ठेवलं आहे. बनावट माशीच्या कुळाची सुरुवात इथून सांगतात.

पुढे 1496 मध्ये वेस्टमिन्स्टरला विंकिन द वर्ड याच्या छापखान्यात छापलेल्या एका इंग्रजी पुस्तकात बारा माश्यांच्या कृती आल्या, कोणत्या महिन्यात कोणती ते सांगून. लोकर, रेशीम, पिसं. सामान जवळपास तेच. अशी माशी भिजली की बुडायची. बुडालेल्या माशीलाही मासे लागत, त्यामुळे ती तरंगलीच पाहिजे असा हट्ट बरीच शतकं कुणी धरला नाही. तो धरायला लावला हॅम्पशरच्या पाण्याने.

दक्षिण इंग्लंडातल्या या परगण्यातल्या टेस्ट आणि इचेन या नद्या खडूच्या डोंगरातून येतात. पाऊस आधी त्या खडकात मुरतो आणि झऱ्यांमधून निथळून बाहेर पडतो. पाणी उन्हाळ्यात थंड राहतं आणि इतकं नितळ, की तळाचे खडे मोजावेत. त्यात पाणवनस्पती माजतात, किडे अमाप होतात. तिथल्या ट्राउट माशाला खाण्यासाठी वणवण करावी लागत नाही. तो प्रवाहाकडे तोंड करून एका जागी थांबतो आणि वरून वाहत येणारी एकेक माशी निवडून खातो. काठावरच्या माणसाला तो दिसतो. माणूसही त्याला दिसतो.

मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला तिथे मेफ्लाय नावाच्या मोठ्या माशीचा हंगाम असतो. दोनेक वर्षं ती अळीरूपात तळच्या गाळात काढते. वर आल्यावर पंख फुटतात, झुडपात बसून ती पुन्हा एकदा कात टाकते (पंख आल्यावर कात टाकणारा किड्यांमधला हा एकच गट) आणि त्यानंतर काहीच खात नाही, कारण खाण्याजोगं तोंडच उरलेलं नसतं. ऊन उतरलं की नरांचे थवे हवेत वरखाली नाचतात. माद्या नदीवर अंडी सोडतात आणि पंख पसरून पाण्यावरच पडतात. सगळ्या ट्राउटची नजर मग पृष्ठभागावर. अशा वेळी गळावरची माशीही तरंगायला हवी, आणि नुसती तरंगून भागत नाही: दोरीने तिला तसूभर जरी ओढलं, तिच्यामागे पाण्यावर बारीकशी रेघ उमटली, की मासा खाली जातो.

1879 मध्ये विंचेस्टरच्या एका दुकानात फ्रेडरिक हॅलफर्ड आणि जॉर्ज सेल्विन मॅरिअॅट या मासे धरणाऱ्या दोघांची गाठ पडली. दोघांनी नदीवरचे किडे गोळा केले, पारखले आणि त्यांच्या नकला बांधल्या. 1886 मध्ये तरंगत्या माश्यांवरचं पुस्तक आलं ते एकट्या हॅलफर्डच्या नावाने. मॅरिअॅटने नाव लावू दिलं नाही. मला तो या कुळातला सर्वांत मोठा माणूस वाटतो.

तरंगवण्याची किल्ली होती कोंबड्याच्या मानेवरचं ताठ पीस. ते गळाभोवती उभं गुंडाळलं की त्याचे तंतू पायांसारखे पसरतात आणि माशी त्यांच्यावर पाण्यावर उभी राहते. भिजली की काठी हवेत मागेपुढे झुलवून वाळवायची. पण त्या काळच्या गळाला नेढं नव्हतं. दोरीच्या टोकाची तात गळालाच बांधून वर माशी रचत. सतत झुलवल्याने तात गळापाशी झिजे आणि माशी वाया जाई. नेढं असलेले बारीक, हलके गळ घडवून आणण्यात पुढाकार होता क्लिफ्टन कॉलेजातल्या एच. एस. हॉल या गणिताच्या शिक्षकाचा. ‘हॉल अँड नाइट’च्या बीजगणिताने आपल्याकडच्या कित्येक पिढ्यांना घाम फोडला, त्यातला हॉल तो हाच.

हॅलफर्डच्या अनुयायांनी पुढे याचा धर्म केला: वर आलेल्या माशालाच, प्रवाहाच्या वरच्या दिशेने, आणि तरंगती माशीच टाकायची. इचेनवर मासे धरणाऱ्या जी. ई. एम. स्क्यूज या वकिलाने धरलेल्या ट्राउटचं पोट तपासलं, तर त्यात पंख न फुटलेल्या अळ्याच जास्त निघत. 1910 च्या पुस्तकात त्याने बुडत्या माशीची बाजू मांडली. त्यावरून वाद इतका पेटला, की 1938 मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात त्यावर रीतसर चर्चा ठेवावी लागली. मला स्क्यूजचंच पटतं. ज्या निरखण्यातून तरंगती माशी जन्मली, तेच त्याने पाण्याखाली नेलं.

विल्टशरमधल्या एव्हन नदीचा राखणदार फ्रँक सॉयर याने ते आणखी पुढे नेलं. पोहताना अळी पाय अंगाशी घट्ट घेते, हे त्याने पाहिलं होतं. म्हणून त्याच्या माशीला पायच नाहीत. दोराही नाही: फेझंटच्या शेपटीचे तंतू आणि केसाएवढी तांब्याची तार. तीच तार तंतू बांधते आणि तिच्याच वजनाने माशी बुडते.