मुरगावची एक रात्र आणि तिचे साक्षीदार

दोना पावलच्या कड्यावरून दक्षिणेकडे पाहिले की झुआरीचे रुंद मुख आणि त्यापलीकडे मुरगावचा डोंगर दिसतो. त्या डोंगराच्या आडोशाला असलेल्या बंदरात दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर तीन जर्मन मालवाहू जहाजे आश्रयाला आली: एरेनफेल्स, ब्राउनफेल्स आणि ड्राखेनफेल्स. ब्रेमेनच्या हान्सा कंपनीची ही जहाजे. जर्मन भाषेत ‘फेल्स’ म्हणजे खडक. या कंपनीचा हिंदुस्थानशी व्यापार जुना, आणि पहिल्या महायुद्धाच्याही आधीपासून तिच्या जहाजांवर हिंदी खलाशी कामाला असत. पोर्तुगाल तटस्थ असल्यामुळे गोव्याच्या पाण्यात इंग्रजांना त्यांच्यावर हात टाकता येत नव्हता. इटली युद्धात उतरल्यावर अनफोरा हे इटालियन जहाजही त्यांच्या सोबतीला आले.

यानंतरची सुमारे साडेतीन वर्षे आम्हांला प्रत्यक्ष हल्ल्याहून अधिक विलक्षण वाटतात. या जहाजांवरचे लोक ना कैदी होते ना मोकळे. किनाऱ्यावर उतरावे, बाजार करावा, संध्याकाळी परतून त्याच नांगरावर निजावे. बंदराबाहेर पाऊल टाकले की शत्रूचे आरमार. चालण्यासाठी बांधलेले जहाज वर्षानुवर्षे एकाच जागी उभे राहिले म्हणजे त्याच्या तळाला कालवे धरतात आणि यंत्र गंजू लागते. माणसांचे काय होत असेल, हे सांगणारे त्यांच्यापैकी कुणाचे लेखन मराठीत आलेले आमच्या पाहण्यात नाही.

९ मार्च १९४३ रोजी हा मुक्काम संपला. कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी घोडदळातील आणि कलकत्ता स्कॉटिश या पलटणीतील मूठभर लोक त्या रात्री एरेनफेल्सवर चढले. त्यांतील बहुतेक जण कलकत्त्याच्या व्यापारी पेढ्यांतील, वयाने उताराला लागलेले. कलकत्त्याहून किनाऱ्याकिनाऱ्याने आलेल्या फीबी नावाच्या, गाळ वाहून नेण्याच्या बार्जवर ते कोचीनला बसले होते. चकमकीत एरेनफेल्सचा कप्तान र‍्योफर आणि त्याचे काही सहकारी मारले गेले. जर्मनांची तयारी आधीपासून होती. त्यांनी जहाजात पाणी घेतले, आग लावली. ज्या तीन जहाजांवर कुणीच चढले नव्हते त्यांनीही ज्वाळा पाहून स्वतःला संपवले. त्या वर्षी ईस्टर २५ एप्रिलला होता, म्हणजे हे सारे घडले ते कार्निव्हलच्या, गोव्याच्या भाषेत इंत्रूजच्या, अखेरीस. गाव सणात होते.

तटस्थ बंदरातील हल्ला कबूल करणे इंग्रजांना शक्य नव्हते. खलाशांनी स्वतःच आपली जहाजे बुडवली, एवढीच उघड गोष्ट शिल्लक राहिली, आणि ती खोटीही नव्हती. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी जर्मनांनाच अटकेत टाकले. चढाई करणाऱ्यांना पदके नाहीत की उल्लेख नाही. तीस-पस्तीस वर्षांच्या मौनानंतर १९७८ साली जेम्स लीझरचे ‘बोर्डिंग पार्टी’ आले आणि १९८० साली त्यावरून ‘द सी वुल्व्ह्ज’ हा चित्रपट निघाला. ग्रेगरी पेक, रॉजर मूर, डेव्हिड निवेन अशी बडी मंडळी गोव्यात येऊन चित्रीकरण करून गेली. आमच्यापैकी बहुतेकांना ही रात्र कळली ती या पडद्यावरून, म्हणजे एकाच पक्षाच्या आठवणीतून, तीही कथाकाराच्या हातून गेलेल्या.

त्या आठवणीचा कणा एका दाव्यावर उभा आहे. एरेनफेल्सवर गुप्त बिनतारी यंत्र होते, त्यावरून इंग्रजांच्या जहाजांची खबर जर्मन पाणबुड्यांना मिळे, आणि हल्ल्यानंतर जहाजे बुडण्याचे प्रमाण एकदम घटले, असे ही कथा सांगते. यंत्राविषयीचा संशय त्या काळी खराच होता. पण परिणामाचा भाग आम्हांला जसाच्या तसा घेता येत नाही. हल्ल्यानंतर अकराच दिवसांनी, २० मार्चला, फोर्ट ममफर्ड हे ब्रिटिश मालवाहू जहाज आय-२७ या जपानी पाणबुडीने हिंदी महासागरात बुडवले. त्यावरील एकच माणूस वाचला. याच पाणबुडीने १९४४च्या फेब्रुवारीत खेदीव इस्माईल बुडवले तेव्हा बाराशेहून अधिक जीव गेले. उतारवयातल्या माणसांना आपले साहस निर्णायक ठरले असे वाटावे, यात खोटेपणा नाही. मात्र आठवण प्रामाणिक असणे आणि तिच्यातला कार्यकारणभाव खरा असणे या दोन गोष्टी आहेत. आत्मचरित्रे शिकवताना आपण हा भेद सांगतो आणि युद्धकथा हातात आली की सोडून देतो.

आणखी एक साक्षीदार आहे, तो म्हणजे गोव्याचा तारवटी. त्या दिवसांत इंग्रजांच्या जहाजांवर कोकणातले मुसलमान खलाशी डेकवर असत, सारंग आणि टंडेल होत; गोव्याचे ख्रिस्ती लोक स्वयंपाकघरात आणि प्रवाशांच्या सेवेत असत. मुंबईत धोबीतलावच्या आसपास गावागावांच्या ‘कुडी’ होत्या. जहाज मिळेपर्यंत तारवटी तिथे मुक्काम करी आणि परतल्यावर समुद्रावरच्या गोष्टी सांगे. म्हणजे मुरगावला शत्रूची जहाजे नांगरलेली असताना त्याच गावांतले पुरुष दुसऱ्या पक्षाच्या जहाजांवरून जात-येत होते. त्या महायुद्धात ज्यांना समुद्राखेरीज थडगे मिळाले नाही अशा सुमारे ६,००० हिंदी व्यापारी खलाशांची नावे सन्मानग्रंथांत नोंदलेली आहेत; एक प्रत चितगावला, दुसरी मुंबईच्या इंडियन सेलर्स होममध्ये. नावे आहेत, गोष्टी नाहीत.

याच मुखाबाहेर गोष्टीवाचूनचे अवशेषही आहेत. दोना पावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांनी सुंची खडकापाशी सतराव्या शतकातील पोर्तुगीज जहाजाचे अवशेष अभ्यासले. त्यांत तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे सापडले. सेंट जॉर्ज खडकापाशी १८६५ साल कोरलेला बासेल मिशनचा कौलारू माल मिळाला. तिथे तळावरची वस्तूच बोलते; तिला सांगणारा कुणी उरलेला नाही. १९४३ची गोष्ट वेगळी आहे. तिचे सांगणारे काठावर होते, सड्यावर, वास्कोत, चिखलीत. इंत्रूजच्या गडबडीत त्यांना आधी आवाज ऐकू आला की उजेड दिसला? सकाळी बंदरावर कोणी काय पाहिले? त्या रात्री दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीच्या पलीकडे असेल. यंदा सुट्टीत गोव्याकडे जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी ध्वनिमुद्रक सोबत न्यावा, आणि प्रश्न कोकणीतून विचारावेत.