मोटेपासून ठिबकापर्यंत : येरमाळा परिसरातील पाण्याचा हिशेब

बालाघाटच्या पठारावरील येरमाळा हे गाव येडेश्वरीच्या देवस्थानामुळे सर्वपरिचित आहे. धाराशिव जिल्ह्याच्या कळंब तालुक्यातील या भागास तेरणेचा उगम जवळ आहे, आणि तालुक्याच्या उत्तर सीमेवरून मांजरा वाहते. तथापि उगमाजवळ राहणाऱ्याच्या वाट्यास नदीचे पाणी क्वचितच येते. येथील बागायत मुख्यतः विहिरीवर आणि अलीकडे विंधन विहिरीवर उभी आहे; आणि काळ्या पाषाणाच्या भेगांत पाणी साठते ते थोडेच. अशा प्रदेशात पाणी वाचविणारी साधने शेतकऱ्याने आपण होऊन सर्वत्र स्वीकारावयास हवी होती. प्रत्यक्षात ती उशिरा आणि निवडक पिकांपुरतीच आली. याचे कारण शेतकऱ्याचे अज्ञान, असे सांगण्याचा प्रघात आहे. ते कारण अज्ञानात नसून हिशेबात आहे, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

प्रथम मोटेचा काळ पाहू. धाव, नाडा, सोंदूर, थारोळे ही शब्दसंपत्ती आता वृद्धांच्या तोंडीच उरली आहे. परंतु तिच्यात एक अर्थशास्त्र साठविलेले आहे. विहिरीची योग्यता त्या काळी मोटेवरून सांगत : ही एका मोटेची विहीर, ती दोन मोटांची. म्हणजे पाणी मोजावयाचे ते बैलांच्या आणि माणसाच्या श्रमाने. प्रत्येक मोटेमागे बैलाचा दम, वैरण आणि हाकणाऱ्याचा दिवस खर्ची पडे. म्हणून पाटाचे पाणी फुटू न देणे, वाफे आखूड ठेवणे, पाळी लांबविणे ही काटकसर कोणी न शिकविताच होत असे. पाणी फुकट असले तरी ते वर आणणे फुकट नव्हते.

१९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले व १९६० साली हा प्रदेश महाराष्ट्र राज्यात आला. पुढील दोन दशकांत विहिरीवर तेलाची इंजिने व विजेचे पंप बसत गेले. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यात विंधन विहिरींचाही प्रसार झाला. विहिरीची भाषा बदलली. ‘दोन मोटांची’ विहीर जाऊन ‘पाच अश्वशक्तीचा’ पंप आणि ‘दोन इंची’ पाणी आले. पंपाच्या विजेची आकारणी पुष्कळ ठिकाणी अश्वशक्तीवर होऊ लागली, वापरलेल्या युनिटांवर नव्हे. पंप तासभर चालो वा रात्रभर, देयक तेच. २०२४ साली राज्य शासनाने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज जाहीर केली; तेव्हा उरलासुरला भारही गेला. मोटेच्या काळी घागरभर अधिक पाण्यास जी किंमत होती, ती अशा रीतीने नाहीशी झाली. जे वाचविल्याने खिशात काही उरत नाही, ते मनुष्य वाचवीत नाही, हा व्यवहार आहे, दोष नव्हे.

उसाने हा प्रश्न अधिक बिकट केला. ढोकी व रांजणी येथील साखर कारखान्यांमुळे उसास जवळचे गिऱ्हाईक मिळाले. उसास कायद्याने किमान दर आहे; सोयाबीन वा कांदा विकताना तशी हमी प्रत्यक्षात लाभत नाही. त्यामुळे जोखीम टाळू पाहणारा शेतकरी पाणी असेतो उसाकडे वळतो. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे सर्वांच्या स्मरणात आहे. पुढच्याच वर्षी, २०१७ साली, राज्य मंत्रिमंडळाने प्रकल्पांच्या लाभक्षेत्रातील उसास ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला. परंतु खासगी विहिरीवरील शेतकऱ्याचा हिशेब अशा निर्णयाने बदलत नाही.

मग ठिबक कोण घेतो? ज्यास पाण्याखेरीज आणखी काही वाचते, तो. वीजपुरवठा रात्रीचा असला म्हणजे अंधारात दारे धरावी लागतात. ठिबकाने ती यातना टळते. खत नळीतून मुळाशी जाते, तण कमी उगवते, मजुरी वाचते. पाटपाण्याची कार्यक्षमता साधारणतः निम्म्याहून कमी, तर ठिबकाची ८५ ते ९० टक्के मानली जाते. हरभऱ्यास तुषार संच सोयीचा पडतो. अडचण आहे ती भांडवलाची. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कृषी सिंचन योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांस ५५ टक्के व इतरांस ४५ टक्के अनुदान ठरले. पुढे राज्याने पूरक रक्कम देऊन ते अनुक्रमे ८० व ७५ टक्क्यांपर्यंत नेले. परंतु संच आधी विकत घ्यावयाचा आणि अनुदान मागाहून मिळावयाचे, अशी पद्धती असल्याने ज्याच्याजवळ आधीच पैसा वा पत आहे, त्यासच तिचा लाभ सुलभ होतो.

येथे एका भाषिक भेदाकडे लक्ष वेधणे अप्रस्तुत होणार नाही. शासकीय पत्रकांत पाण्याची ‘बचत’ असते. शेतकरी मात्र पाणी ‘पुरविण्या’ची गोष्ट बोलतो. वाचलेले मागे उरते, पुरविलेले अधिकास पुरते. समजा, एका विहिरीवर एक एकर ऊस भिजत होता आणि ठिबकाने चाळीस टक्के पाणी कमी लागले. उरलेल्या पाण्यावर आणखी दोन तृतीयांश एकर भिजू शकते, आणि बहुधा तेवढी लागवड होतेही. शेतकऱ्याचे उत्पन्न वाढते. भूगर्भातील पाणी मात्र होते तेवढेच उपसले जाते. एवढेच नव्हे, पूर्वी पाटातून झिरपून शेजाऱ्याच्या विहिरीस मिळणारा अंशही कमी होतो.

या कोंडीचे एक उत्तर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात दिले. त्यांच्या पाणी पंचायतीत पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरता कुटुंबातील माणसांवर ठरे, आणि ऊस वर्ज्य असे. तेथे आधी मर्यादा ठरली, मग साधन आले. येरमाळ्याच्या पठारावर क्रम उलटा झाला आहे : नळी आली, मर्यादा आली नाही. वाचलेल्या थेंबावर हक्क कोणाचा, हे गावाने ठरविल्यावाचून अनुदानाचा पैसा नळ्यांत जाईल, आणि पाणी उसात.