छताचा दोर कुठे बांधायचा?

आजच्या विषयाची पाटी वाचून दोघा-तिघांनी आम्हाला मघाशीच विचारलं, की जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला मोटरहोमच्या ऑनिंगशी काय देणंघेणं? मोटरहोम म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी आणि ऑनिंग म्हणजे तिच्या बाजूला उलगडणारं कापडी छत. प्रश्न रास्त आहे. उत्तर द्यायला आपल्याला दोन हजार वर्षं मागे, रोमला जावं लागेल. तिथे आमच्या बिरादरीतला एक माणूस भेटतो, त्याच्यापासूनच सुरुवात करू.

ल्युक्रेशियस हा इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला कवी आणि तत्त्वज्ञ. वस्तूंच्या पृष्ठभागावरून अतिसूक्ष्म पापुद्रे सतत सुटत असतात आणि ते डोळ्यांत शिरले की आपल्याला दिसतं, असं त्याचं मत. याला पुरावा म्हणून तो नाट्यगृहाकडे बोट दाखवतो. प्रेक्षकांच्या डोक्यावर पिवळी, तांबडी, जांभळट कापडं ताणलेली असतात आणि खाली बसलेली सगळी मंडळी त्या रंगांत न्हाऊन निघतात. पुढे मेघगर्जना समजावून सांगताना तो पुन्हा याच छताकडे येतो. खांब आणि तुळयांच्या मधे ताणलेलं कापड वाऱ्याने कसं फडाडतं ते आठवा, म्हणतो. त्याच्या वाचकांनी तो आवाज नक्कीच ऐकलेला होता. एरवी हा दाखला कुणाच्या उपयोगाचा?

आता गंमत बघा. छत म्हटलं की आपल्याला भीती वाटते ते डोक्यावर पडण्याची. कापडी छताचं दुखणं नेमकं उलटं असतं, ते वर जातं. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. चार मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद, म्हणजे दहा चौरस मीटरचं छत घ्या. ताशी ३६ किलोमीटरचा वारा त्याच्या खाली अडकला तर ढोबळमानाने ६० किलो वजनाइतका उचल लागतो. वारा दुप्पट झाला, ७२ किलोमीटर, तर उचल चौपट होते. अडीचशे किलोच्या आसपास! इतक्या जोराने सुटलेला ॲल्युमिनियमचा नळ शेजारच्या खुर्चीत कोण बसलंय ते बघत नाही. म्हणून छताच्या इतिहासात कापडापेक्षा दोर मोठा, आणि दोरापेक्षाही तो बांधायची जागा मोठी.

रोमन लोकांना हे पुरतं ठाऊक होतं. कोलोसियमचं उद्घाटन इसवी सन ८० मध्ये टायटस बादशहाच्या काळात झालं. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर, अगदी वरच्या मजल्यावर, दगडी घोड्यांची रांग आहे. बाजूला ८० कमानी, प्रत्येक कमानीच्या माथ्यावर तीन घोडे, एकूण २४०. त्यांच्या वर जी कंगणी आहे तिला बरोबर त्या त्या जागी भोकं पाडलेली. डोलकाठी वरच्या भोकातून खाली सोडायची आणि तिचा बुंधा घोड्यावर टेकवायचा. घोड्याने वजन घ्यायचं, भोकाने कलू द्यायचं नाही. दोन ठिकाणी धरलेली काठी हलत नाही, हे आपल्याकडे मांडव घालणाऱ्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही. कापड नेमकं कसं ताणलं जाई, दोरांचं जाळं मधोमध कड्याला जोडलेलं होतं की आणखी काही, यावर विद्वानांत अजून वाद आहे. त्यात आपण पडणार नाही. भिंत बांधतानाच छताचा भार कुठे जाणार हे ठरलेलं होतं, एवढं मात्र दगडच सांगतो. खालून कुणीही बघावं आणि मोजावं.

हे छत हाताळायचे कोण? खलाशी. मिसेनम बंदरातल्या आरमाराची एक तुकडी या कामासाठी रोममध्ये राहायची, कोलोसियमजवळ त्यांची छावणीच होती. शीड आणि छत यांत फरक तो काय! इथे एक योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. नाट्यगृहांवरच्या छतांचा इतिहास ज्याने लिहून ठेवला तो थोरला प्लिनी. कॅटुलसने पहिल्यांदा असं छत घातलं, सीझरने आख्खा फोरम झाकला, नीरोच्या छतावर आकाश आणि तारे होते, हे सगळं त्याच्या विश्वकोशात येतं. आणि हा प्लिनी त्याच मिसेनमच्या आरमाराचा सेनापती होता. ७९ साली व्हेसुव्हियसच्या उद्रेकात तो गेला. कोलोसियमचं उद्घाटन त्यानंतरचं.

त्याच उद्रेकात गाडल्या गेलेल्या पाँपेईच्या भिंतींवर खेळांच्या जाहिराती सापडल्या आहेत. त्यांत पैलवानांच्या जोड्या किती ते असतं आणि बरेचदा शेवटी दोन शब्द: ‘वेला एरुंट’, छत असेल. आपल्याकडे ‘बसण्याची सोय केली आहे’ लिहितात तसं. पण वाऱ्यापुढे रोमन आयोजकही हात टेकायचे. मार्शल नावाच्या कवीने भेटवस्तूंवर छोट्या दोनओळी लिहिल्या, त्यातली एक रुंद काठाच्या टोपीवर आहे. नाट्यगृहाला जाताना टोपी बरोबर असू दे, वारा पुष्कळदा छत लावू देत नाही, असा तिचा आशय. वारा सुटला की छत गुंडाळायचं, हा नियम तेव्हापासूनचा.

बरं, आता गाडीकडे वळू. हौसेने गाडीत राहायला निघालेला पहिला नामवंत माणूस म्हणजे गॉर्डन स्टेबल्स. हासुद्धा आरमाराचाच, ब्रिटिश नौदलातला निवृत्त डॉक्टर. १८८५ साली त्याने ब्रिस्टलच्या कारखान्यात ‘वाँडरर’ नावाची घोडागाडी बांधून घेतली आणि इंग्लंडातून स्कॉटलंडपर्यंत गेला. तिला तो जमिनीवरची नौका म्हणे. ही नौका लाकडी होती, दोन टनांच्या घरात भरणारी. अशा गाडीच्या कडेला कुठेही कडी ठोका, धरून राहते.

विसाव्या शतकात गाडी हलकी होऊ लागली आणि तिथून आमच्या मते खरा पेच सुरू झाला. अमेरिकेत वॉली बायमच्या एअरस्ट्रीम कंपनीने १९३६ मध्ये ‘क्लिपर’ आणली, विमानासारखी रिव्हेट मारलेली ॲल्युमिनियमची. १९५१ मध्ये जर्मनीत वेस्टफालियाने फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये संसार बसवला. १९६६ पासून आयोवातल्या फॉरेस्ट सिटीमध्ये विनेबेगोची मोटरहोम बनू लागली. तिची भिंत म्हणजे सँडविच होतं: बाहेर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, मधे फोम, आत प्लायवूड. उष्णता अडते, वजन वाचतं, किंमत उतरते. सगळे फायदे खरे. पण अशा भिंतीत स्क्रू पिळला तर तो धरतो काय? पत्रा कागदासारखा आणि फोम लोण्यासारखा. नटबोल्ट आरपार नेऊन जोर लावून आवळला, तर भिंतच चेपते.

म्हणजे कोलोसियममध्ये भार कुठे जातो ते रस्त्यावरून दिसत होतं. इथे भिंत बाहेरून सगळीकडे सारखीच गुळगुळीत. सांगाडा आत दडलेला आणि तो कुठे आहे हे फक्त बांधणाऱ्याला माहीत. दिसणं आणि असणं यांच्यातल्या अंतरावर आम्ही वर्गात तासन्‌तास बोललो, पण इतका ठसठशीत दाखला क्वचित मिळतो. ऑनिंगची पेटी २५–३० किलोंची असली तरी भिंतीवर नुसती लटकवलेली छान बसते, फोटोतही छान दिसते. पहिली वावटळ आली की मग कळतं, मागे काय होतं.

कारागिरांनी यावर काढलेली वाट पुन्हा समुद्रावरूनच आली. शिडाच्या कडेत दोर शिवतात आणि ती जाड कड डोलकाठीच्या खाचेत सरकवतात. गाडीच्या माथ्यालगत तशीच खाचेची ॲल्युमिनियमची पट्टी बसवतात आणि कापडाची दोर शिवलेली कड तीत ओवतात. एका कडीवर येणारा ओढा अशाने सबंध लांबीवर वाटला जातो. पुढे नळीवर गुंडाळणारी छतं आली. त्यांच्या हातांचा खालचा पाया भिंतीच्या तळाशी, गाडीच्या जमिनीच्या चौकटीजवळ पक्का करतात. वर एक जागा, खाली एक जागा. घोडा आणि भोक आठवलं ना?

२०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून आपल्याकडेही अशा गाड्या बांधून घेणारे वाढताहेत. त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगून टाकतो. गाडी बांधून घेत असाल तर ऑनिंग आधी ठरवा. भिंत बंद व्हायच्या आत त्या उंचीवर चौकटीला जोडलेली लोखंडी किंवा भक्कम लाकडी पट्टी घालायला सांगा आणि अंतरं मोजून फोटो काढून ठेवा. गाडी तयारच असेल तर कारखान्याचा नकाशा मागा. नुसत्या टकटकीवर भिस्त ठेवू नका. जिथे सांगाडा सापडत नाही तिथे आतून रुंद पट्टी देऊन आरपार बोल्ट घ्या. भोकाभोवतीचा फोम काढून तिथे लाकूड किंवा नळीचा तुकडा भरा, म्हणजे आवळताना भिंत दबणार नाही. आणि प्रत्येक भोकात ब्युटाइलचं सीलंट भरा. थेंब थेंब पाणी आत गेलं की दोन पावसाळ्यांत प्लाय कुजतो आणि बाहेरून काही दिसत नाही.

पाण्यावरून आठवलं. छताचा एक कोपरा नेहमी खाली ठेवायचा. एका चौरस मीटरवर एक सेंटिमीटर पाणी साचलं तरी दहा किलो भरतं. खोलगट झालेलं छत बघता बघता शंभर किलो पाणी धरून बसतं.

मागच्या रांगेतून चिठ्ठी आली आहे: भिंतीला सगळं पक्कं असेल तर तणावे आणि मेखा हव्यातच का? हव्यात. तणावा आडवा-तिरका ताणून मेख जमिनीत तिरपी ठोकली की उचल जमिनीत जाते, भिंतीला अर्धाच हिस्सा राहतो. डांबरावर मेख जात नाही, तिथे पाण्याच्या टाक्या बांधतात, पण वीस लिटरची टाकी म्हणजे वीस किलो, तेव्हा मघाचा हिशेब तुम्हीच करा. आणि गाडी सोडून जेवायला जाणार असाल, तर आकाश कितीही निरभ्र असो, छत गुंडाळून जा.