गाडीचा कॉम्प्रेसर बदलायचाय? आधी गॅसचा इतिहास बघा

मे महिन्यात मुंबईहून गोव्याकडे निघालात आणि कोलाडच्या आसपास एसी गरम हवा फेकायला लागला, तर पहिला संशय कॉम्प्रेसरवर जातो. इंजिनाच्या कडेला बोल्टने बसवलेला, बेल्टवर फिरणारा तो पंप. मग वाटतं, चार बोल्ट काढायचे, नवा बसवायचा, रविवारचं घरचं काम! बोल्टांपुरतं हे खरंय. पण त्या पंपातून फिरणाऱ्या गॅसला मोठा इतिहास आहे, आणि घरी काय करावं, काय करू नये, हे त्या इतिहासानेच ठरवलंय. तंत्रज्ञानाच्या इतिहासावर काम करताना मला हेच शोधायला आवडतं : दुरुस्तीतली एखादी कटकटीची पायरी आली कुठून?

सुरुवात १९३९ पासून करू. अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने त्या वर्षी कारखान्यातच एसी बसवलेली गाडी आणली. तिच्या कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. इंजिन चालू तोवर तोही फिरणार. एसी नको असेल तर इंजिन बंद करा, बॉनेट उघडा आणि बेल्ट हाताने काढून ठेवा! मॅग्नेटिक क्लच नंतर आला. आज बटण दाबल्यावर 'टक्' असा आवाज येतो तो त्याचाच.

एक गोष्ट मात्र बदलली नाही. घरच्या फ्रिजमध्ये मोटर आणि पंप दोन्ही एकाच बंद डब्यात असतात. गाडीत पंप इंजिन फिरवतं, म्हणून त्याचा शाफ्ट डब्याबाहेर यावाच लागतो. शाफ्टभोवती सील असतं आणि त्यातून थोडाथोडा गॅस निसटतोच. म्हणून 'गॅस कमी झाला, भरून टाका' हे गाडीच्या एसीला पहिल्यापासून चिकटलंय.

तेव्हा त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. तो गॅस होता आर-१२. १९३० च्या सुमारास थॉमस मिजली आणि सहकाऱ्यांनी तो पुढे आणला. जळत नाही, विषारी नाही, मग हवेत सोडला तर बिघडलं कुठे? बिघडत होतं ते वर, ओझोनच्या थरात. मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ मध्ये तो धोका दाखवला, १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला आणि १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला. आपल्याकडे २००० साली नियम आले, २००३ पासून नव्या उपकरणांत असे गॅस वापरणं बंद झालं आणि २००८ मध्ये भारताने त्यांचं उत्पादनही थांबवलं. गाड्यांत आला आर-१३४ए.

आता गंमत बघा. गॅस बदलला आणि तेलही बदलावं लागलं. कॉम्प्रेसरला वंगण देणारं तेल गॅसबरोबर सगळ्या नळ्यांतून फिरून परत यायला हवं. आर-१२ सोबतचं खनिज तेल नव्या गॅसमध्ये विरघळत नाही. ते वाटेतच बसून राहतं आणि कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होतो. म्हणून नव्या गॅससाठी पीएजी तेल आलं. पण ते हवेतली ओल पटकन ओढतं. कोलाडच्या पावसाळ्यात पाईप उघडे ठेवून चहाला गेलात, तर ओल आत शिरलीच समजा. आत ती एक्स्पान्शन व्हॉल्व्हपाशी गोठते किंवा आम्ल तयार करून धातू खाते. नवा ड्रायर, नव्या ओ-रिंगा, गॅस भरण्याआधी व्हॅक्युम ओढणं, या पायऱ्या मेकॅनिक बिल फुगवायला सांगत नसतो. नव्या गॅसबरोबर कंडेन्सरही बारीक नळ्यांचे आले. जुना कॉम्प्रेसर आतून झिजून मोडला असेल, तर धातूचा चुरा त्यांत अडकतो. तो तसाच राहिला तर नवा कॉम्प्रेसरही फार टिकत नाही.

मग आर-१३४ए तरी निर्धोक का? ओझोनला होय, हवामानाला नाही. शंभर वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट उष्णता धरतो. गाडीत अर्धा किलो गॅस धरा. तो पाना फिरवून हवेत सोडला, की सुमारे ७१५ किलो कार्बन डायऑक्साइडइतकं नुकसान. म्हणजे साधारण ३१० लिटर पेट्रोल जाळणं. लिटरला १५ किलोमीटरच्या हिशोबाने मुंबई-गोवा जाऊन-येऊन चार फेऱ्या! म्हणूनच २०१६ मध्ये किगाली दुरुस्ती झाली. भारताने तिला २०२१ मध्ये मान्यता दिली. २०२८ पासून या गॅसांचा वापर गोठवायचा आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के कमी करायचा, असं ठरलंय.

तर रविवारी काय करायचं? कामाची वाटणी करा. आधी ज्या गॅरेजमध्ये गॅस खेचून साठवणारं मशीन आहे, तिथे गॅस काढून घ्या. मग कॉम्प्रेसर, बेल्ट, ड्रायर, ओ-रिंगा हे घरी खुशाल करा. तेल कंपनीने सांगितलेलं आणि मोजूनच घाला. कोरडा दिवस निवडा, उघडी तोंडं लगेच बंद करा. पुन्हा व्हॅक्युम आणि वजनावर गॅस भरणं मशीनवाल्याकडे. आणि नट सैल करण्याआधी बॉनेटखालचा स्टिकर वाचा. गॅस कोणता, किती ग्रॅम, ते तिथे लिहिलेलं असतं. एवढ्याशा कागदावर अख्खा करार छापलेला आहे असं समजा.