भिरंड, ब्रिंदाँव आणि गार्सिनिया

कोकणात ज्याला रातांबा आणि गोव्यात भिरंड म्हणतात, त्या फळाशी आमची ओळख बहुधा स्वयंपाकघरातली. मीठ घालून काढलेल्या रसाचे आगळ सोलकढीत येते. साल त्याच फळाच्या रसात वारंवार भिजवून उन्हात वाळवली की आमसूल होते. बियांचे थिजलेले तेल भेगाळलेल्या टाचांना लावतात. या फळाला एक ग्रंथगत इतिहासही आहे.

गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात हे आंबट, लाल फळ ‘ब्रिंदाँव’ या नावाने येते; रंगारी ते वापरतात आणि सालीपासून शिरका होतो, अशी नोंदही आहे. ‘ब्रिंदाँव’ म्हणजे परक्या जिभेवरचे भिरंडच. ऑर्ता ज्यू वंशाचा. १५६८ साली तो वारला आणि १५८० साली इन्क्विझिशनने त्याच्या अस्थी उकरून जाळल्या.

आज या झाडाचे शास्त्रीय नाव ‘गार्सिनिया इंडिका’ आहे. ‘गार्सिया’वरूनच ‘गार्सिनिया’, असे मानण्याचा मोह आम्हालाही झाला होता. परंतु लिनीअसने अठराव्या शतकात ते नाव योजले, ते लॉराँ गार्सँ या दुसऱ्याच वनस्पतिशास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ.

दोन ध्वनिसाम्ये, एक खरे, एक फसवे. व्युत्पत्तीच्या अभ्यासकाने आमसुलाइतकेच हेही जपून ठेवावे. ऑर्ताचे स्मरण झाडाच्या नावात नाही. त्याने टिपून ठेवलेल्या आमच्या शब्दात आहे.